चर्चमध्येही गाता आणि सिनेमाची गाणीही सुटत नाहीत? मग हे करून बघा

पहिलं म्हणजे भावनेच्या भरात काही डिलीट करू नका. मी केलेलं. एकोणीस वर्षांचा होतो, संजीवन सभेतनं, म्हणजे चर्चच्या जागृती सभेतनं, भारावून घरी आलो आणि घरातल्या सगळ्या कॅसेटी फीत ओढून ओढून न्हाणीतल्या बंबात घातल्या, त्यात बाबांची कुमार गंधर्वांची कॅसेट पण गेली, जी अडकली की ते पेन्सिल घालून हळूहळू गुंडाळत बसायचे. कुमारजी म्हणजे आपल्या बेळगावकडच्या सुळेभावीचे, 1924 चा जन्म, बाबांना केवढा अभिमान. बाबा काही बोलले नाहीत, वास मात्र न्हाणीत दोन दिवस होता. आणि सहा महिन्यांत मी तीच गाणी चोरून ऐकायला लागलो! गाण्यापेक्षा ती चोरी वाईट, घरच्यांपासून लपवणं, देवासमोर तोंड पाडून बसणं.

दुसरं, 'सेक्युलर' म्हणजे देवाची नसलेली गाणी, हा शिक्का बायबलमध्ये शोधू नका, नाही तो. त्यातलंच गीतरत्न हे पुस्तक उघडा, सरळ प्रेमाची गाणी आहेत. 1 शमुवेल 16 मध्ये दावीद वीणा वाजवतो आणि शौल राजाला बरं वाटतं, सोबत शब्द होते की नाही हे पण लिहिलेलं नाही. आणि आपण चर्चमध्ये पेटी-तबल्यावर ना. वा. टिळकांची भजनं म्हणतो ती कुठल्या घाटाची? अभंगाच्याच की. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, पण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगायचे.

म्हणून मग सगळंच चालतं असं नाही हां. फिलिप्पैकरांस 4:8 मध्ये जे मनन करायला सांगितलंय त्यात आपल्या मराठी बायबलात 'श्रवणीय' हा शब्द आहे, मला तो फार आवडतो. आता श्रवणीय कसं ठरवायचं, तर रोज एकच गाणं घ्या, हेडफोन काढा, चाल विसरा आणि शब्द पेपर वाचल्यासारखे मोठ्याने वाचा. बायकांना माल म्हणणारी, दारूची फुशारकी मारणारी गाणी इथेच गळतात, बीटमुळे इतके दिवस कळलेलं नसतं. जी उरतील ती ऐकल्यावर पुढच्या अर्ध्या तासात तुम्ही काय करता ते बघा. माझं एक विरहाचं गाणं आहे, शब्द एकदम साधे, पण रात्री एक वाजता ते लावलं की मी एका मुलीचं स्टेटस बघायला जातो म्हणजे जातोच, मग ते मी रात्रीचं बंद केलं, दुपारी बिनधास्त ऐकतो. गाणं तेच. एका मित्राची दारू सुटली, तो ज्या गाण्यांवर प्यायचा ती आता ऐकत नाही, त्यातलं एक माझं फेव्हरेट आहे पण तो गाडीत असला की मी लावत नाही. रोमकरांस 14 मध्ये हेच आहे बघा, ज्याचा त्याचा विवेक, पण भावाला अडखळण नको.

हीच परीक्षा क्वायरला, म्हणजे चर्चमधल्या आपल्या गाण्याला पण लावा. संत ऑगस्टीनने आपल्या 'कबुलीजबाब' (कन्फेशन्स) या पुस्तकात लिहिलंय की गायलेल्या शब्दांपेक्षा गाण्यानेच मी जास्त हलतो तेव्हा ते मला पाप वाटतं. स्तोत्र म्हणताना 'माझा आवाज आज काय लागलाय' असं मला पण होतं, दर ख्रिसमसला!

ऑर्केस्ट्रात वाजवत असाल तर आपली रेघ आधीच ठरवा आणि मालकाला सुपारी घेतानाच सांगा, स्टेजवर तमाशा नको. मी खानापूर-निपाणीकडच्या लग्नात सगळी गाणी वाजवतो, पूजेची आरती आली की गिटार खाली ठेवतो. अभंग मात्र ऐकतो, मनापासून. तुमची रेघ वेगळी असेल. शनिवारी रात्रीचा कार्यक्रम घेतला तर रविवारी उपासनेत पेंगणार हे पण धरून चला, त्याचा दोष गाण्यांना देऊ नका.

घरचं राहिलं. आई "काय ऐकूलालास रे?" म्हणाली की फोन उलटा ठेवू नका, ऐकवा. आणि पाळकांशी, म्हणजे चर्चच्या पास्टरांशी बोलायचं असेल तर मधल्या वारी संध्याकाळी जा, दोन गाणी फोनमध्ये घेऊन. रविवारी उपासना सुटल्या सुटल्या दारात हा विषय काढू नका, तेव्हा सगळ्यांना घरी जाऊन मटण चढवायचं असतं.