लांब सायकल प्रवासात माणसे जोडताना
श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ सुमारे ३,७०० किलोमीटरचा असून, रोज १०० किलोमीटर सायकल चालवली तरी पाच आठवड्यांहून अधिक काळ लागतो. म्हणून निघण्यापूर्वीच नागपूर, हैदराबाद, बंगळूरु अशा वाटेवरच्या शहरांतील सायकलस्वारांना, शहरात शिरताना आणि बाहेर पडताना १५-२० किलोमीटर सोबत करण्याची विनंती अवश्य करावी. मन खचलेले असताना अशी सोबत, माझ्या मते, सर्वांत मोलाची ठरते. समोरून वारा असल्यास आळीपाळीने पुढे राहावे, कारण त्यामुळे मागच्याचे श्रम बरेच कमी होतात आणि थकलेल्या सोबत्याला न बोलताही धीर मिळतो. चहाच्या टपरीवर ज्यांनी आपुलकीने विचारपूस केली, त्यांची नावे आणि फोन क्रमांक त्याच रात्री वहीत लिहून ठेवावेत व कन्याकुमारीला पोहोचल्यावर त्यांना आवर्जून फोन करावा.