तुटलेली दोरी टाकून देऊ नका: ब्लाइंड्सची नवी दोरी आणण्याआधीची तयारी

ब्लाइंड्सची दोरी तुटली की पट्ट्या एका बाजूने धाडकन खाली येतात आणि खिडकीत तिरक्या लोंबत राहतात. अशा वेळी हाताला लागलेलं तुटकं टोक ओढून काढावं आणि केरात टाकावं, असंच वाटतं. ते करू नका. नवी दोरी किती जाड हवी, किती लांब हवी, कुठून कशी ओवायची आणि जुनी का तुटली, हे सगळं त्या तुटक्या दोरीवरूनच कळतं. मी एकदा ती टाकून दिली होती. मग दुकानदाराने "ब्लाइंडचीच आहे" म्हणून दिलेली दोरी वरच्या लॉकमध्ये, म्हणजे ओढलेली दोरी धरून ठेवणाऱ्या भागात, शिरेना. दुसऱ्या फेरीत आणलेली इतकी बारीक निघाली की वर ओढलेल्या पट्ट्या रात्रीतून आपोआप खाली घसरल्या. शेवटी शेजारच्या खोलीतल्या ब्लाइंडची दोरी मोजून गेलो, तेव्हा काम झालं. त्यानंतर घरातल्या आणि नातेवाइकांकडच्या बऱ्याच खिडक्यांच्या दोऱ्या बदलल्या, आणि तयारीचा क्रम हाच ठेवला.

आधी नेमकी कोणती दोरी गेली आहे ते पाहा. आपल्याकडच्या फ्लॅट्समध्ये आणि ऑफिसांमध्ये बहुतेक ठिकाणी २५ मिमी रुंदीच्या ॲल्युमिनियम पट्ट्यांचे व्हेनेशियन ब्लाइंड्स असतात. त्यात दोऱ्यांचे प्रकार वेगवेगळे. पट्ट्यांच्या मधल्या भोकांतून जाते ती उचलण्याची दोरी. पट्ट्यांच्या पुढून-मागून जाणारी आणि प्रत्येक पट्टीखाली आडवा धागा असलेली ती शिडी. पट्ट्यांमधलं अंतर तीच राखते. पट्ट्या उघडझाप करायला कुठे काठी असते, कुठे आणखी एक दोरी. तुटलेली जर शिडी असेल, तर उचलण्याची दोरी कितीही चांगली आणली तरी पट्ट्या एकमेकींवर गोळा होतच राहतील. आणि शिडी दोरीसारखी मीटरवर आणून भागत नाही. तिच्या दोन पायऱ्यांमधलं अंतर आणि पट्टीची रुंदी, दोन्ही जुळावी लागतात.

ब्लाइंड खिडकीवरून उतरवायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. वरच्या पेटीच्या आतून दोरी कुठून वळते, लॉकमधून कशी जाते, खालच्या पट्टीत गाठ कुठे आहे, हे सगळं जवळून. एक फोटो खास काढायचा, आणि तोच लोक विसरतात. उचलण्याची दोरी शिडीच्या आडव्या धाग्यांच्या एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून अशी नागमोडी जाते. ती सरळ ओवली तर काम झाल्यासारखं दिसतं, पण आठवड्याभरात पट्ट्या आडव्या सरकायला लागतात, आणि सगळं उसवून पुन्हा ओवावं लागतं.

आता तुटलेलं टोक उजेडात धरा. या कामातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग हाच, कारण दोरी सहसा वजनाने तुटत नाही, घासून तुटते. टोक चपटं होऊन त्याच्या दशा सुटलेल्या असतील, तर दोष लॉकचा. लॉकमध्ये एक छोटी दातेरी फिरकी असते. दोरी तिरकी ओढली की ती बाजूला सरकते, सोडली की दोरीला चिमटून धरते. या फिरकीवर धूळ आणि जुन्या दोरीचा भुगा साचला की ती नीट फिरत नाही, नुसती घासते. टोक एकाच बाजूने कापल्यासारखं असेल, तर एखाद्या पट्टीच्या भोकाची कड धारदार झालेली असते. बोट फिरवू नका, कापेल. जुन्या सुती धाग्याचं टोक त्या भोकातून हळू ओढा, जिथे अडकेल तिथे धार आहे. बारीक पॉलिश पेपरची सुरळी करून तीन-चार वेळा फिरवली की कड मऊ होते. दोरी खालच्या गाठीशी तुटली असेल, तर तिथलं गाठ धरून ठेवणारं प्लास्टिकचं बोंडूक फुटलेलं आहे का ते बघा. आणि दोरी सगळीकडेच पिवळी पडून, चिमटीत धरून वाकवली तरी कडकड तुटत असेल, तर उन्हाने ती संपलेली आहे. हे कारण शोधल्याशिवाय नवी दोरी घातली, तर ती जुनीच्याच जागी तुटते.

मग जाडी. ती दोरीच्या घासलेल्या भागावर मोजायची नाही. वरच्या पेटीच्या आत किंवा खालच्या गाठीजवळ दोरीचा मूळ आकार शाबूत असतो, तिथला हातभर तुकडा कापून घ्या. व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) असेल तर उत्तमच, पण नसला तरी अडत नाही. पेन्सिलवर दोरीचे १० वेढे एकमेकांना चिकटून, न ताणता घाला आणि त्या दहा वेढ्यांची रुंदी पट्टीने मोजा. १४ मिमी भरली तर दोरी १.४ मिमी. हा आकडा नुसता सोपा म्हणून दिलेला नाही. २५ मिमी पट्ट्यांच्या ब्लाइंडला बहुतेक वेळा १.४ मिमीचीच दोरी असते. ५० मिमीच्या लाकडी पट्ट्या जड, त्यांना १.८ ते २ मिमीची लागते. कापडी रोमन ब्लाइंडला साधारण १.२ ते १.४, आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या घड्यांच्या ब्लाइंडला त्याहून बारीक, अगदी ०.९ मिमीपर्यंत. तरीही या आकड्यांपेक्षा तुमच्या हातातल्या तुकड्यावर विश्वास ठेवा. इथे अर्ध्या मिमीचा फरकसुद्धा मोठा आहे: जाड दोरी लॉकमध्ये अडते, बारीक दोरीला लॉक धरत नाही. "थोडी जाड घेऊ, जास्त टिकेल" हा विचार इतर सगळ्या दोऱ्यांना लागू पडतो, या दोरीला नाही.

दोरी कशाची आहे, यावर दुकानात सर्वाधिक घोळ होतो. आपल्याकडे सुती नसलेल्या कुठल्याही दोरीला सर्रास नायलॉन म्हणतात. कपडे वाळत घालायची म्हणून मिळणारी चकचकीत, हलकी दोरी बरेचदा नायलॉन नसून पॉलिप्रॉपिलीन असते, आणि उन्हात सर्वांत लवकर झिजते तीच. ओळखायची साधी युक्ती आहे. वाटीभर पाण्यात साबणाचा थेंब टाका, दोरीचा बोटभर तुकडा बुडवून दाबा आणि आतली हवा काढा. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं, ते पुन्हा वर येऊन तरंगतं. नायलॉन आणि पॉलिएस्टर तळाला बसतात. खिडकीसाठी तरंगणारी दोरी नको.

राहिलेल्या दोघांत मी पॉलिएस्टरच घ्या म्हणेन. नायलॉन मजबूत असतं, पण ते ताणतं, आणि हवेतली ओल शोषून घेतं: सर्वसाधारण दमटपणात स्वतःच्या वजनाच्या सुमारे ४ टक्के, तर पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहून कमी. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या पावसाळ्यात याचा अर्थ असा की नायलॉनच्या दोरीवर आज सरळ लावलेली खालची पट्टी काही महिन्यांत एका बाजूला कलू शकते. उन्हातही पॉलिएस्टर जास्त टिकतं. नागपूर-चंद्रपूरच्या पश्चिमेकडच्या खिडकीत वैशाखाचं ऊन दुपारभर काचेतून दोरीवरच पडतं, तिथे हा फरक कळून येतो. सुती दोरी हाताला छान लागते, पण ओल धरते, काळे ठिपके पडतात आणि लॉकमध्ये तिचा भुगा होतो.

दोरीची वीणही बघा. पीळ दिलेली दोरी भारावर उलगडते, पट्ट्या वर-खाली करताना फिरत राहते आणि लोंबणाऱ्या टोकाला गुंता होतो. इथे गोफासारखी विणलेली, गोल दोरी हवी. ती चिमटीत दाबून सोडल्यावर पुन्हा गोल झाली पाहिजे. चपटीच राहिली तर आतला गाभा पोकळ आहे. रंगाचं फार मनावर घेऊ नका. पांढरी किंवा पट्ट्यांच्या जवळपासच्या रंगाची असली म्हणजे पुरे.

लांबी मात्र कागदावर मांडूनच काढा, कारण ती नजरेने नेहमी कमी पडते. एक खिडकी धरू: १२० सेमी रुंद, १५० सेमी उंच, लॉक उजव्या टोकापासून ५ सेमीवर, आणि दोन्ही भोकं आपापल्या टोकापासून १५ सेमीवर. उजव्या दोरीला उभे १५०, भोकापासून लॉकपर्यंत आडवे १०, हाताशी लोंबायला ८० आणि गाठींसाठी २०. एकूण २६० सेमी. डाव्या दोरीला बाकी सगळं तेच, पण आडवं अंतर १०० सेमी, म्हणून ३५० सेमी. दोन्ही मिळून ६१० सेमी, म्हणजे ७ मीटर घ्या. उजवी दोरी मोजून तिच्या दुप्पट घेतली, तर डावी कमी पडते, आणि दोरी मध्ये जोडून चालत नाही. गाठ लॉकमधून जात नाही. तिसरं भोक असलेल्या रुंद ब्लाइंडला हाच हिशेब तिसऱ्यांदा करायचा.

लोंबणाऱ्या त्या ८० सेमीबद्दल थांबून सांगावंसं वाटतं. घरात लहान मूल असेल, किंवा सुट्टीत येत असेल, तर या दोरीकडे खिडकीचं सामान म्हणून पाहू नका. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या म्हणण्याप्रमाणे तिथे दर वर्षी पाच वर्षांपर्यंतची सुमारे ९ मुलं खिडकीच्या ब्लाइंड्सच्या दोरीचा फास लागून दगावतात. हे काही मिनिटांत आणि आवाज न होता घडतं. आई-वडील बाजूच्या खोलीत असतात. युरोपच्या मानकात २०१४ च्या सुधारणेपासून दोरीचं टोक जमिनीपासून किमान १५० सेमी उंच ठेवायचा दंडक आहे. वरच्या उदाहरणात ब्लाइंडचा माथा जमिनीपासून २४० सेमीवर असेल तर खाली सोडलेल्या अवस्थेत दोरीचं टोक १६० सेमीवर येतं. चाललं. पण पट्ट्या पूर्ण वर ओढल्या की तीच दोरी आणखी साधारण १३५ सेमी बाहेर येते, आणि टोक जमिनीपासून वीतभरच वर राहतं. म्हणून दोरीबरोबर भिंतीत बसवायची खुंटी आणायचीच, ती १५० सेमीच्या वर बसवायची, आणि दर वेळी दोरी तिच्यावर आठाच्या आकड्यात गुंडाळायची. दोन दोऱ्यांची टोकं खाली एकत्र बांधून फास करू नका. प्रत्येकीला वेगळा गोंडा ठेवा. पट्ट्यांच्या मधली दोरी बाहेर ओढूनही फास होतो, म्हणून ब्लाइंड पूर्ण खाली असताना लॉकच्या जेमतेम दोन-तीन बोटं खाली प्रत्येक दोरीवर अडवणारा मणी बसवा. खिडकीखाली पलंग किंवा पाळणा असेल, तर दोरी बदलण्याआधी तो हलवा. माझ्या भाचीच्या जन्मानंतर बहिणीच्या घरचे दोन ब्लाइंड मी दुरुस्त न करता काढूनच टाकले आणि बिनदोरीचे लावले. त्याबद्दल आजही मला दुसरं मत नाही.

गुंडाळणाऱ्या रोलर ब्लाइंडला दोरीऐवजी मण्यांची साखळी असते. तिचा नेहमीचा मणी ४.५ मिमी आणि दोन मण्यांच्या मध्यांमधलं अंतर ६ मिमी. १० मण्यांची लांबी ६० मिमी भरली की तीच साखळी. ही साखळी मुळातच फास आहे, त्यामुळे तिला भिंतीशी ताणून धरणारा आकडा आणल्याशिवाय घरी येऊ नका.

दुकानात जाताना जुन्या दोरीचा तुकडा, फुटलेलं बोंडूक किंवा गोंडा आणि लांबीचा हिशेब लिहिलेला कागद खिशात असू द्या. पडद्यांचं सामान विकणाऱ्याकडे आधी विचारा, किराणा-भांड्यांच्या दुकानात नको. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत किंवा आपापल्या गावच्या हार्डवेअर बाजारात शोधत असाल, तर रीळ उघडायला लावा आणि पेन्सिलीचे दहा वेढे तिथेच मोजा. कुणी हसलं तरी मोजा. रिळाचा पहिला वेढा बाहेरून उन्हाधुळीने खराब झालेला असतो, तो सोडून आतली दोरी मागा.

घरी कामाला बसण्याआधी कात्री, लायटर, फेव्हिक्विक, कागदी चिकटपट्टी, कोरडा ब्रश आणि पाणी-साबणाचं फडकं जवळ ठेवा. नव्या दोरीचं टोक पेटवायचं नाही, ज्योतीजवळ नेऊन नुसतं वितळवायचं, आणि वितळलेल्या टोकाला बोट लावायचं नाही. तुटली ती एकच दोरी असली, तरी दोन्ही बदला. दुसरीनेही तेवढंच ऊन खाल्लेलं असतं. जी अजून शाबूत आहे, तिच्या टोकाला नव्या दोरीचं टोक समोरासमोर चिकटवा, वर चिकटपट्टीचा एकच पातळ वेढा द्या आणि जुनी ओढत नवी आत घ्या. तुटलेल्या बाजूला मात्र हाताने ओवावं लागेल. त्या दोरीच्या टोकाला तीन सेमीपर्यंत फेव्हिक्विक लावून वाळवलं की ते सुईसारखं ताठ होतं. ब्लाइंड उभा ठेवून ओवू नका. जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून आडवा ठेवा, खालच्या पट्टीकडून सुरुवात करा, मोबाइलवरचा तो नागमोडीचा फोटो समोर उघडा ठेवा, आणि लॉकपर्यंत पोहोचेपर्यंत गाठ मारू नका.