मोठी गाडी म्हणजे ऐसपैस गाडी? जागा आणि सीट पारखताना या चुका टाळा

गाडी घ्यायची ठरली की तुलना सुरू होते लांबीपासून. लांब गाडी ऐसपैस, आखूड गाडी दाटीवाटीची, असं आपण धरूनच चालतो. पण ती लांबी इंजिन, बॉनेट, डिकी आणि बसणारी माणसं यांच्यात वाटली जाते. माणसांच्या वाट्याला किती आली याचा अंदाज पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरावरून, म्हणजे व्हीलबेसवरून, जास्त चांगला येतो.

१९५९ साली आलेली मिनी ही ब्रिटिश छोटी गाडी जेमतेम १० फूट लांब होती. तिचे रचनाकार अलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं बसवलं, चाकं १० इंचांची घेतली आणि गाडीच्या तळाचा जवळपास ८० टक्के भाग माणसं आणि सामानासाठी मोकळा केला. जपानमधल्या केई गाड्यांना, म्हणजे तिथल्या सगळ्यात छोट्या वर्गातल्या गाड्यांना, आज ३.४ मीटर लांबी आणि १.४८ मीटर रुंदीची मर्यादा आहे, तरी त्यांतल्या उंच गाड्यांत मागे बसणाऱ्याला पाय पसरता येतात. छत उंच असलं की माणूस ताठ बसतो आणि ताठ बसलेल्या माणसाला लांबी कमी पुरते. गुडघ्यांची जागा अशी युक्तीने काढता येते, खांद्यांची नाही. म्हणून माझ्या मते लहान आणि मोठ्या गाडीतला खरा फरक रुंदीत आहे. मागे नेहमी तिघं बसणार असतील तर तिघांनाही एकदम बसवून दारं लावून बघा. मधल्याचे पाय कुठे जातात, खाली उंचवटा आहे का, त्याला डोकं टेकायला हेडरेस्ट आहे का, हे तेव्हाच कळतं.

लेगरूमचे आकडे जुळवत बसणं

माहितीपत्रकातलं पुढचं लेगरूम सीट पूर्ण मागे सरकवून मोजलेलं असतं. मागचं मोजताना पुढची सीट कुठे होती, हे कंपनीगणिक बदलू शकतं. त्यामुळे दोन गाड्यांचे आकडे शेजारी ठेवून फारसं हाती लागत नाही.

घरातल्या सगळ्यात उंच माणसाने आधी ड्रायव्हर सीट आपल्यापुरती लावावी आणि ती न हलवता तिच्याच मागे जाऊन बसावं. गुडघे तर बघाच, पण पावलंही बघा. पुढची सीट उंचीने पूर्ण खाली केली की कित्येक गाड्यांत तिच्याखाली बूट शिरत नाही. मग गुडघ्यांपुढे वीतभर जागा असूनही पाय दुमडूनच बसावं लागतं. सनरूफ असलेलं मॉडेल घेणार असाल तर तेच मॉडेल तपासा, कारण सनरूफच्या चौकटीमुळे डोक्यावरची जागा कमी होते.

पाच मिनिटांत सीट पसंत करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. शोरूममध्ये बसल्याबसल्या मऊ वाटणारी सीट लांबच्या प्रवासात छळू शकते. फोम पार दबला की शरीराचा भार थोड्याच जागेवर येतो आणि बूड दुखायला लागतं. टेस्ट ड्राइव्ह निदान अर्ध्या तासाची मागा, थोडा खराब रस्ताही घ्या. बसलेल्या माणसाला उभे हादरे सर्वाधिक जाणवतात ते सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा येणारे. हे गुळगुळीत रस्त्यावरच्या एका फेरीत कळणार नाही. व्हीलबेस लांब असलेली गाडी अशा रस्त्यावर पुढे-मागे कमी डुलते. मोठ्या गाडीची ही जमेची बाजू मान्य करायलाच हवी.

कुशनची लांबी तर कुणी बघतच नाही. पूर्ण मागे टेकून बसल्यावर कुशनची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं अंतर असावं. कुशन आखूड केलं की गुडघ्यांपुढची जागा आपोआप वाढलेली दिसते, म्हणून लहान गाडीत हे आवर्जून तपासा. मोठ्या गाडीची तिसरी रांग आणि तळाखाली बॅटरी असलेल्या काही इलेक्ट्रिक गाड्या इथेच मार खातात. तळ उंच आणि सीट त्या मानाने खाली, त्यामुळे गुडघे वर येतात, मांड्या अधांतरी राहतात.

दुखतंय म्हणून लगेच गाडीला दोष देणं

आधी सीट नीट लावून बघा. बूड पूर्ण मागे टेकवा. क्लच किंवा ब्रेक तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील इतपत सीट पुढे घ्या. खांदे सीटच्या पाठीला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आरामात टेकलं पाहिजे. छाती आणि स्टिअरिंगचा मध्य यांत निदान २५ सेंटिमीटर अंतर हवंच, ते एअरबॅगसाठी. हेडरेस्टचा माथा डोक्याच्या माथ्याबरोबर ठेवा.

एवढं करूनही मांड्यांना मुंग्या येत असतील तर कुशनची कड खालून दाबते आहे, सीट थोडी खाली घ्या. माकडहाड दुखत असेल तर उलट, मांड्यांना आधार नाही. कुशनचा पुढचा भाग वर करता येत असेल तर करा. एकाच बाजूची कंबर धरत असेल तर मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवा.

चढ-उतार न तपासणं

गुडघेदुखी असलेल्या वडीलधाऱ्यांना बुटक्या गाडीत वाकावं लागतं आणि उंच एसयूव्हीत चढावं लागतं. सीट त्यांच्या कमरेच्या आसपास आली तर ते नुसते सरकून बसतात. हे सुख उंच बांधणीच्या लहान गाडीतही मिळतं. त्यांना सोबत न्या आणि दोन-तीनदा बसायला-उतरायला लावा.

डिकीचे लिटरही जपून वाचा. कुठे ते डिकी झाकणाऱ्या आडव्या फळीपर्यंत मोजलेले असतात, कुठे छतापर्यंत. सात सीटच्या गाडीत तिसरी रांग उभी करून मागचं दार उघडा आणि घरची बॅग प्रत्यक्ष ठेवून बघा. कित्येकदा लहान हॅचबॅकच्या डिकीएवढीही जागा उरलेली नसते.