फील्ड लाइन्सच्या चित्रात मी कुठे चुकत होतो

माझं दहावीपर्यंत मराठी मिडियम, मग सायन्सला रोज सकाळची एसटी पकडून वेंगुर्ल्याला. कूलोमच्या नियमाची, म्हणजे दोन विद्युत चार्ज एकमेकांवर किती जोर लावतात त्याची गणितं जमत होती, पण नुसतं फील्ड लाइन्सचं, म्हणजे चार्जभोवतीचं विद्युत क्षेत्र (फील्ड) दाखवणाऱ्या रेषांचं चित्र देऊन अ आणि ब या पॉइंटपैकी फील्ड, म्हणजे तिथे ठेवलेल्या चार्जवर लागणारा जोर, कुठे जास्त असं विचारलं की मार्क हमखास जायचे. एका टेस्टला दोन्ही पॉइंट एकाच रेषेवर होते म्हणून मी ‘सारखं’ लिहून आलो. रेषा तीच तर जोर पण तोच, असं मला मनापासून वाटत होतं.

हे सुटलं घरी. आजी मागीलदारी माडाच्या झावळांचे हीर काढून खराटा बांधत होती, आमच्याकडे त्याला वाढवण म्हणतात. बांधलेल्या टोकाला हीर एकमेकांना चिकटून, खाली फाकलेले. हीर तेवढेच, पण एकच हीर बघून खराटा कुठे दाट नि कुठे विरळ ते सांगता येईल का? शेजारचे किती जवळ आहेत ते बघावं लागतं. फील्ड लाइन्सचं अगदी तसंच.

म्हणून आता मी काय करतो, तर दोन्ही पॉइंटवर लाइन्सना काटकोनात सारख्याच लांबीची छोटी रेघ मारतो आणि तिला किती लाइन्स कापतात ते मोजतो, जास्त कापल्या तिथे फील्ड जास्त. बाण फक्त दिशा सांगतो, लाइन वाकडी असेल तर त्या जागची स्पर्शरेषा ही दिशा. आणि पॉइंट दोन लाइन्सच्या मधे पडला म्हणून तिथे फील्ड झिरो होत नाही हं, लाइन म्हणजे काही तार नाही, हे मायकेल फॅरेडेने मनात आणलेलं चित्र आहे. तो बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला, शाळा फारशी न झालेला माणूस, मला तर याचा फार आधार वाटायचा.

आता जिथे हुशार मुलं पण फसतात ते. एक नॅनोकूलोम (चार्जचं एकक कूलोम, त्याचा अब्जावा भाग) चार्जपासून १ मीटरवर फील्ड ९ न्यूटन प्रति कूलोम, २ मीटरवर २.२५, म्हणजे पाव. पण वहीत चार्जभोवती १६ लाइन्स काढून बघा, अंतर दुप्पट केलं की वर्तुळाचा घेर दुप्पट, लाइन्समधली फट पण दुप्पट, मग चित्र म्हणतं फील्ड निम्मं! कारण कागद सपाट आहे, खऱ्या लाइन्स चहूबाजूंनी गोलावर पसरतात आणि गोलाचं क्षेत्रफळ चौपट होतं. त्यामुळे एका चार्जच्या चित्रावरून कमी की जास्त एवढंच सांगा, किती पट ते सूत्राने काढा.

दोन चार्ज आले की नुसतं मधलं अंतर बघू नका. १ नॅनोकूलोमचे दोन चार्ज २ मीटर अंतरावर ठेवले, एक प्लस एक मायनस, तर मध्यावर १८, दोन्ही प्लस असतील तर त्याच जागी झिरो. चित्रात तिथे दोन्हीकडच्या लाइन्स एकमेकींना टाळून वळतात नि मधे मोकळी जागा राहते. चार्ज सारखे नसले की ही जागा लहान चार्जकडे सरकते. प्लस ४क्यू आणि प्लस क्यू (क्यू म्हणजे कितीही चार्ज धरा) एकमेकांपासून ३ मीटरवर घ्या, क्यूला ४ लाइन्स दिल्या तर ४क्यूला १६ द्यायच्या, आणि मोकळी जागा कुठे येते ते आधी अंदाजाने खूण करा, मग सूत्राने ताडून बघा, ४क्यूपासून २ मीटरवर यायला हवी.