होडीच्या तळाच्या फिटिंगमधली गळती: शोधायची कशी, दुरुस्त करायची कशी

इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घेणारं फिटिंग होडीच्या तळाला भोक पाडूनच बसवलेलं असतं. पाण्याखाली दोन फुटांवरचं एक इंची भोक उघडं पडलं, तर मिनिटाला साधारण ६० लिटर पाणी आत येतं. म्हणजे १५ लिटरची बादली पाव मिनिटात भरते. हातपंपाने एवढं पाणी उपसून होत नाही. म्हणून थेंबथेंब गळतीकडेही काणाडोळा करू नका, आणि दिसेल तिथे सीलंटही फासू नका. आतून फासलेलं सीलंट गळतीची वाट झाकतं, गळती थांबवत नाही.

तळात साचलेलं पाणी आधी चाखून बघा. गोडं लागलं तर ते पावसाचं, पिण्याच्या टाकीचं किंवा खणातल्या वितळलेल्या बर्फाचं आहे. फिटिंगला हात लावायची गरज नाही. खारं असेल तर इंजिन बंद ठेवून तासभर थांबा. इंजिन बंद असताना पाणी वाढत नसेल आणि चालू केल्यावरच वाढत असेल, तर पंप, त्याच्या पुढचे होज (रबरी नळ्या) आणि शाफ्टचा ग्लँड, म्हणजे पंख्याचा दांडा होडीबाहेर पडतो तिथली पाणी अडवणारी डबी, तपासा. बंद असतानाही वाढत असेल, तर संशय पाण्याखालच्या फिटिंगवर आणि पुन्हा ग्लँडवर.

ग्लँडबद्दल एक गैरसमज सगळीकडे दिसतो. दोरीचं पॅकिंग असलेला जुन्या पद्धतीचा ग्लँड शाफ्ट फिरताना मोजके थेंब सोडतो, आणि त्याने ते सोडायलाच हवेत. त्या पाण्यानेच पॅकिंग थंड राहतं. अगदी कोरडा होईपर्यंत नट आवळले की पॅकिंग जळतं, शाफ्टवर चरे पडतात, आणि मग ती गळती कितीही आवळलं तरी थांबत नाही. दोन्ही बाजूंचे नट सारखे, एका वेळी पाव फेऱ्याहून कमी आवळावेत. इंजिन चालवून ग्लँडवर हात ठेवावा. हात ठेवून राहता येत नसेल इतका तो तापत असेल, तर नट सैल करावेत.

आता नेमकी जागा शोधायची. तळ पूर्ण उपसा आणि स्पंजने टिपून घ्या. डिझेल-ग्रीसचा थर साबणाच्या पाण्याने धुवा, कारण तेलकट पृष्ठभागावर पाण्याचा माग दिसत नाही. सगळं कोरडं झालं की फिटिंगभोवती टाल्कम पावडर भुरभुरा किंवा वर्तमानपत्राचे कोरडे तुकडे दाबून ठेवा. पंधरा मिनिटांनी बॅटरीच्या उजेडात बघा: पावडरीत जिथून काळपट रेघ सुरू होते, ती गळतीची जागा. शंका राहिली तर कोरडं बोट वरून खाली फिरवा. आधी होजचा जोड, मग फिटिंगवरच्या पाणी बंद करायच्या व्हॉल्व्हची दांडी, व्हॉल्व्ह आणि फिटिंगमधले आटे, शेवटी नट आणि तळ जिथे टेकतात ती कड. बोट जिथे पहिल्यांदा ओलं होतं, दोष तिथेच.

होजच्या जोडाचं काम सोपं. होजचं टोक कडक झालं असेल तर तेवढं कापून टाका, होज ज्यावर चढतो तो नळ पुरेसा लांब असेल तर दोन क्लिप लावा. क्लिपचा पट्टा स्टीलचा असला तरी स्क्रू बरेचदा साध्या लोखंडाचा असतो. लोहचुंबक लावून तपासा. दांडीजवळची गळती पॅकिंग नट किंचित आवळून थांबली तर ठीक, नाहीतर व्हॉल्व्हच बदला. व्हॉल्व्ह दर महिन्याला दोन-तीनदा उघडझाप केला तर जाम होत नाही. ऐनवेळी बंद न होणारा व्हॉल्व्ह असून नसल्यासारखाच.

खरा घात धातू करतो. नळाच्या दुकानातलं पितळी फिटिंग गनमेटलसारखंच (गनमेटल म्हणजे मुख्यतः तांबं आणि कथलाचा मिश्रधातू) पिवळं दिसतं आणि बरंच स्वस्त पडतं, म्हणून सर्रास बसवलं जातं. पितळेत जस्त असतं. खाऱ्या पाण्यात जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे तांब्याचा ठिसूळ, सच्छिद्र सांगाडा उरतो. बाहेरून आकार तोच राहतो, पण एखाद्या दिवशी पाना लावताच आटे तुटून हातात येतात. चाकूच्या टोकाने खरवडा: आत पिवळी चकाकी दिसली तर धातू शाबूत, गुलाबी-तांबूस रंग दिसला तर फिटिंग लगेच बदलायचं. वरवरच्या हिरव्या थराला एवढं घाबरायचं कारण नाही. नवं घेताना गनमेटल किंवा ब्राँझच मागा. ३०४ स्टेनलेस पाण्याखाली टिकत नाही. सीलंटखाली जिथे हवा पोचत नाही, तिथेच ते पोखरलं जातं. बॅटरीची सोललेली वायर तळाच्या पाण्यात लोंबत असेल, तर चांगलं गनमेटलही महिन्याभरात खलास होऊ शकतं. म्हणून नवं फिटिंग बसवण्याआधी वायरिंग बघा.

फिटिंग बदलण्यासाठी होडी किनाऱ्यावरच हवी. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पण तोवर पाऊस लागलेला असतो आणि ओल्या हवेत फायबरचं रेझिन नीट धरत नाही. मे अखेरीस होडी वर घेताच हे काम आधी उरका. हंगामात उधाणाला होडी टेकवून ओहोटीत काम करता येतं. पण पाणी काही तासांत परततं, तेवढ्यात होज किंवा पॅकिंग बदला. फिटिंगला तेव्हा हात घालू नका.

जुनं फिटिंग हातोड्याने ठोकून काढू नका, भोवतीचं फायबर तडकतं. बाहेरची कडा ग्राइंडरने कापा आणि उरलेला नळ आत ढकला. मग भोकाची कड बघा. लाकडी होडीवर फायबर मारलेलं असेल, तर पाणी याच उघड्या कडेतून लाकडात मुरतं. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. लाकूड मऊ लागलं तर तेवढा भाग कापून नवं लाकूड बसवा. नुसतं ओलं असेल तर पूर्ण वाळू द्या. नंतर कडेला इपॉक्सीचे तीन हात द्या. इथे घाई केली तर पुढचं सगळं काम वाया.

जुन्या सीलंटचा कणही ठेवू नका, विशेषतः सिलिकॉनचा. त्यावर दुसरं काही चिकटत नाही. ८० नंबरच्या पॉलिशपेपरने घासा, ॲसिटोनने पुसा. आतून नटाखाली फिटिंगच्या कडेपेक्षा चारही बाजूंनी इंचभर मोठी, १८ मिमी मरीन प्लायची इपॉक्सी पाजलेली चकती लावा. तळाला बाक असेल तर चकती त्या बाकाला जुळेल अशी तासा. नट तिरका टेकला तर एका बाजूने हमखास गळतं.

सीलंट पाण्याखाली चालणारं पॉलियुरेथेन वापरा, सिलिकॉन नको. कडेखाली, नळाभोवती आणि चकतीखाली सलग थर द्या. बाहेरून एकाने फिटिंग घट्ट धरायचं, आतून दुसऱ्याने फक्त नट फिरवायचा. फिटिंगच फिरलं तर थर फाटतो. सगळीकडून सारखी रेघ बाहेर आली की थांबा. जिवाच्या आकांताने आवळलं तर सगळं सीलंट बाहेर येतं आणि धातू कोरडा टेकतो. सीलंट दिवसाला साधारण ३ मिमी आतपर्यंत घट्ट होतं. निदान तीन दिवस हात लावू नका. व्हॉल्व्ह चढवताना दोन्हीकडचे आटे एकाच जातीचे आहेत ना, हे हाताने फिरवून बघा. दोन-तीन आट्यांतच अडकणारा जोड धक्क्याने मोडतो.

होडी पाण्यात सोडताना व्हॉल्व्ह बंद ठेवा. फिटिंगभोवती कोरडा कागद दाबा आणि तासाभराने बघा. मग व्हॉल्व्ह उघडा, पुन्हा कागद. नंतर इंजिन चालवून तिसऱ्यांदा. रात्रभर धक्क्यालाच ठेवून सकाळी चौथ्यांदा कागद कोरडा मिळाला, तरच समुद्रात जा. प्रत्येक फिटिंगला त्याच्या मापाची, सावरीसारख्या मऊ लाकडाची निमुळती गुडदी दोरीने बांधून ठेवा. होज सुटला किंवा व्हॉल्व्ह तुटला तर ती आतून ठोकायची. पाणी पिऊन लाकूड फुगतं आणि बंदरापर्यंत भोक धरून ठेवतं.