लेबर रूमच्या रजिस्टरात जुळी मोजताना

एमडीच्या दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी जुळ्यांच्या दरावरून जननक्षमतेचा माग काढण्याचा विषय घेतला आणि नाशिकच्या एका रुग्णालयात जुनी रजिस्टरं उघडून बसले. जुळ्यांची नोंद लगेच डोळ्यांत भरते. आईचं नाव एकदाच, पुढे लाल शाईत ‘ट्विन’, खाली दोन वेळा, दोन वजनं: 3.15 आणि 3.21, दोन किलो शंभर आणि एक किलो आठशे.

या विषयात येणाऱ्यांनी एक गोष्ट आधी पक्की करावी. एकाच बीजातून झालेल्या जुळ्यांचं प्रमाण जगभर जवळपास सारखं, हजार प्रसूतींमागे 4 च्या आसपास. वरखाली होतं ते दोन बीजांच्या जुळ्यांचं. नायजेरियातल्या योरुबा समाजात ते खूप, आपल्याकडे कमी. जननक्षमतेचा माग काढायचा तो याच आकड्यावरून. पण रजिस्टरात बीजं एक की दोन, हे कुठे लिहिलेलं असतं? विल्हेल्म वाइनबर्ग या जर्मन डॉक्टरांनी वाट दाखवून ठेवली आहे: मुलगा-मुलगी अशा जोड्या मोजा आणि दुप्पट करा, कारण दोन बीजांच्या जुळ्यांत साधारण निम्म्या जोड्या अशा असतात.

मी सुरुवातीला प्रसूतींऐवजी जुळी बाळं मोजली, दर जवळजवळ दुप्पट आला. तीन आठवड्यांचं काम पुन्हा करावं लागलं. शिवाय सुरगाणा, पेठ तालुक्यांतून जोखमीच्या बायका शहरात पाठवतात, म्हणजे मोठ्या रुग्णालयातला दर हा जिल्ह्याचा दर नव्हे. ‘कुठून रेफर’ हा रकाना टिपाच.

आईचं वयही तितकंच महत्त्वाचं. पस्तिशीपुढे एफएसएच, म्हणजे बीज वाढवणारं संप्रेरक, वाढतं, एका पाळीत दोन बीजं सुटण्याची शक्यता वाढते. त्याच वयात दिवस राहण्याची शक्यता मात्र उतरलेली असते. वयोगट वेगळे न करता ‘जुळी वाढली, जननक्षमता वाढली’ असं लिहिलंत तर साफ चुकाल. त्यात उपचारांची भर. जगात हजार प्रसूतींमागे जुळ्यांचा दर 1980-85 मध्ये 9.1 होता, 2010-15 मध्ये 12.0 झाला, तो मुख्यतः आयव्हीएफ (टेस्ट-ट्यूब बेबी) सारख्या उपचारांमुळे आणि लांबलेल्या मातृत्वामुळे.

उपचारांचं रजिस्टरात नसतं, आईलाच विचारावं लागतं. मी एकीला सासूबाई शेजारी असताना विचारलं. ती ‘नाही’ म्हणाली. दुसऱ्या दिवशी राउंडच्या वेळी एकटी होती, तिनंच हाक मारली आणि हळूच म्हणाली, “मॅडम, तिसऱ्या वेळेला राहिलं.”