तिळाला चुना लावताय? या चुका टाळा

तीळ घालवायचाय? पानठेल्यावरचा चुना लाव, त्यात चिमूटभर सोडा घाल, असं सांगणारं कुणीतरी नागपुरात अजूनही भेटतंच. तीळ वरवर जळतो, हे खरं. पण चुना कातडीत खोलवर भाजत जातो. मागे खड्डा राहतो, नाहीतर फुगीर व्रण. शिवाय तो तीळ साधा होता की कर्करोगाच्या संशयाचा, हे तपासायला काही उरतच नाही. पार्लरमध्ये तीळ जाळून घेतला तरी तीच गत.

मुळात काळं दिसलं की तीळच, असं नसतं. गालांवर, मानेवर मोहरीएवढे काळे दाणे येतात. आईला असले की बरेचदा मुलीलाही. त्यांचा त्रास काही नाही, नुसते राहू दिले तरी चालतं. उतारवयात पाठीवर मेण चिकटवल्यासारखा खरबरीत, तपकिरी उंचवटा दिसतो, तोही बहुधा निरुपद्रवीच. दोन्ही गालांवर सारखी पसरलेली तपकिरी झाक म्हणजे वांग.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते या वांगापायी. शेजारणीला ‘मस्त गुण आला’ म्हणून मेडिकलमधून तीच ट्यूब आणायची. त्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड असतं. काही आठवडे चेहरा उजळतो, म्हणून बाई ती सोडत नाही. पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुरळ, लव येते. बंद केली की वांग परत हजर. चिठ्ठीशिवाय अशी ट्यूब देणाऱ्या दुकानदारालाही दोन शब्द ऐकवायला हवेत.

संत्र्याच्या सालीची भुकटी घासू नका. घासण्यानंही डाग गडद होतात. लिंबू लावून उन्हात तर जाऊच नका, भाजल्यासारखे चट्टे उठतात. मे महिन्यात स्कूटीवर दुपट्टा घट्ट बांधणाऱ्या आपण डिसेंबरात तोंड उघडं टाकून फिरतो, आणि वांगाला तेवढं पुरतं. एसपीएफ 30 किंवा जास्तीचं सनस्क्रीन बारा महिने लावा, उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. वांगासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, किंचित रंगीत सनस्क्रीन जास्त उपयोगी.

डागाचे दोन भाग सारखे नसतील, कडा वेड्यावाकड्या असतील, एकात अनेक रंग दिसत असतील, आकार 6 मिलिमीटरच्या वर असेल किंवा तो बदलत असेल, रक्त येत असेल, तर थांबू नका. तळपायावरचा नवा काळा डाग आणि नखांखालचा नवा काळा पट्टाही बघा. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत मेलानोमा, म्हणजे त्वचेचा एक कर्करोग, बरेचदा तिथेच निघतो. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि तो घेऊन नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग ओपीडीत दाखवा.